जीडीपीच्या वहीत खाडा कुठे मांडतात?

सातबारा

आपण जगातली कितव्या क्रमांकाची अर्थव्यवस्था झालो यावर इथे आधीच तीन धागे पळताहेत आणि तिन्हींवर हाणामारी चालू आहे. हा धागा त्यासाठी नाही. क्रमांक खरा, असं धरूनच चालू. देश बरा चाललाय की नाही हे कळायला जीडीपीशिवाय आणखी काय मोजावं लागेल आणि मोजल्यावर त्याचं करायचं काय, एवढंच बोलायचं आहे.

प्रश्न जुना आहे आणि आपल्याच अंगणातला आहे. १८७६ साली दादाभाई नौरोजींनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. प्रांतवार पिकांचे आकडे घेऊन त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानचं दरडोई उत्पन्न काढलं होतं: वर्षाला साधारण २० रुपये. पण ते तिथे थांबले नाहीत. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार किती खर्च करतं तेही त्यांनी सरकारी कागदांतूनच शोधलं आणि शेजारी मांडलं. गुन्हेगाराला सरकार जेवढं खाऊ घालतं तेवढंही मोकळ्या रयतेच्या वाट्याला येत नाही, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही.

राष्ट्रीय उत्पन्नाचं आजचं गणित ज्यांनी बसवलं त्या सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटला अहवाल देतानाच बजावलं होतं की या आकड्यावरून देशाच्या कल्याणाचा अंदाज बांधता येणार नाही. आपल्याकडे १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस, सदस्य पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ आणि अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव. सल्ल्याला परदेशातून जे तज्ज्ञ बोलावले त्यांत हेच कुझ्नेट्स होते. म्हणजे औषधाच्या बाटलीवरची सूचना बाटलीसोबतच आली होती, आपण ती वाचली नाही.

आता माझ्या जिल्ह्याचं सांगतो. मी बीडचा. दिवाळी झाली की आमच्याकडून ऊसतोडीच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. मुकादमाची वही मी पाहिली आहे. शाळेची असते तशीच शंभरपानी, एका कोयत्याला एक पान. वर उचलीची रक्कम, खाली तारखा, आणि तारखेपुढे फुली असली की त्या दिवशीचा खाडा. खाड्याची मजुरी तर जातेच, वर दंड. कुठे कुठे पाचशे रुपये. बाई पाळीच्या दुखण्याने आडवी झाली तरी खाडा तो खाडा.

पुढचं २०१९ मध्ये पेपरात आलं. पाळीच नको म्हणून गर्भाशय काढून टाकलेल्या बायका गावोगाव निघाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. साध्या भागाकाराने शंभरात जवळपास सतरा. यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यांतल्या. दवाखान्याचं बिल जीडीपीत गेलं, त्या बाईने तोडलेला ऊस गेला, त्याची साखर गेली, मळीची दारू गेली. तिशीत गर्भाशय गमावलेल्या बाईचं जे काही वजा झालं ते कुठे गेलं?

जाणकारांनी लिहावं. राजकीय पक्षांची नावं घेऊन लिहिणाऱ्यांनी कृपया वरचे तीन धागे गाठावेत.

दुपारचा_चहा

वाचनखूण साठवली. सावकाश वाचते.

मोजपट्टी

सरकारी सांख्यिकी खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं रूक्ष लिहितो.

आधी जीडीपीची बाजू. तो कल्याण मोजतो असा दावा त्याने कधी केलेला नाही. वर्षभरात किती मूल्याचं उत्पादन झालं, एवढंच तो सांगतो. कर किती गोळा होईल, कर्ज कितपत झेपेल, मंदी आली का, या कामांना तो लागतोच. १९३० च्या मंदीत सरकारांकडे हा आकडाच नव्हता, म्हणून तर कुझ्नेट्सना काम मिळालं.

आता सातबारांच्या प्रश्नाचं उत्तर. खाड्याचा दंड म्हणजे मजुराच्या खिशातून मुकादमाच्या खिशात गेलेले पैसे. त्यात उत्पादन काही नाही, म्हणून जीडीपीत तो येत नाही. शस्त्रक्रिया येते, कारण ती सेवा आहे आणि तिचे पैसे मोजले गेले. ती गरजेची होती का, हे विचारायला त्या हिशेबात रकानाच नाही.

हद्द कुठे आखली आहे ते कळलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. तुम्ही स्वतःच्या घरात राहता, कुणाला भाडं देत नाही. तरी ते घर भाड्याने असतं तर किती भाडं पडलं असतं ते काढून जीडीपीत धरतात. घरच्या म्हशीचं दूध घरीच प्यायलात, तेही धरतात. रानातून आणलेलं सरपणसुद्धा. पण त्याच सरपणावर, त्याच घरात, त्याच दुधाची खीर केलीत तर ते करणं धरत नाहीत. वस्तू घरासाठी केली तरी आत, सेवा घरासाठी केली की बाहेर. अपवाद दोनच: पगारी नोकर आणि स्वतःच्या घराचं मानीव भाडं.

अजून एक. सरकारी शाळेचं उत्पादन कसं धरतात? तिच्यावर झालेल्या खर्चावरून. मास्तर आले नाहीत तरी पगार निघाला म्हणजे शिक्षण नावाचं उत्पादन झालं. पोरं वाचायला शिकली का, हा प्रश्न दुसऱ्या खात्याचा.

टवाळ_पोरगं

म्हणजे स्वयंपाकाच्या मावशींशी लग्न केलं की जीडीपी घसरतो तर! देशहितासाठी मी अविवाहित राहायचं ठरवलं आहे.

मोजपट्टी

@टवाळ_पोरगं, हा विनोद शंभर वर्षांपूर्वी केंब्रिजच्या पिगू नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने गंभीरपणे छापला आहे. तुमचा निर्णय मात्र स्वतंत्र दिसतो.

निशिगंधा_म

मोजपट्टींनी हद्दीचं लिहिलं, त्या हद्दीच्या बाहेरचं मी लिहिते. आपल्या सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली आणि २०२४ मध्ये पुन्हा. सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला विचारायचं: काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केलंस? दर अर्ध्या तासाचा एक खण. २०२४ चे आकडे: बिनपगारी घरकामाला ते करणाऱ्या बायकांची दिवसाला २८९ मिनिटं, पुरुषांची ८८. पाच वर्षांपूर्वी २९९ आणि ९७ होते. म्हणजे बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांची नऊ. बाप्यांनी संधी सोडली नाही.

यात 'ते करणाऱ्या' हे शब्द महत्त्वाचे. २०१९ मध्ये रोज घरकामाला हात लावणाऱ्या बायका शंभरात ८१ होत्या, पुरुष २६. बाकीचे ७४ त्या ९७ मिनिटांच्या सरासरीत धरलेलेच नाहीत.

माझ्या आत्याच्या घरी ही पाहणी झाली तेव्हा मी तिथेच होते. फॉर्म भरणारी मुलगी हुशार होती. दुपारी दोन ते अडीच काय केलंत? आत्या म्हणाली, "काही नाही गं, बसले होते." मुलीने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, बसून हातात काय होतं? "लसूण सोलत होते. आणि हा झोपला होता, त्याच्याकडे लक्ष." हा म्हणजे नातू. मग त्या एका खणात दोन कामं लिहिली गेली. पेन खाली ठेवायला वेळ नसलेली मुलगी आली असती तर आत्याची विश्रांती म्हणून नोंद झाली असती. म्हणून मी कुठलीही सरासरी वाचते तेव्हा विचारणारं कोण होतं, हे आधी मनात येतं.

दुपारचा_चहा

निशिगंधा, दंडवत! आमच्या सासूबाईसुद्धा दिवसभर 'बसलेल्याच' असतात.

कुजबुज

सगळं ठीक आहे हो, पण पर्याय म्हणून जे दाखवतात ते तर हास्यास्पद आहे. जागतिक आनंद अहवालाच्या यादीत २०२५ मध्ये भारत ११८ वा आणि पाकिस्तान १०९ वा. ज्या देशाला उठताबसता आयएमएफचं दार ठोठवावं लागतं तो आपल्याहून आनंदी? परदेशी संस्थांचे हे उद्योग आहेत. मी जीडीपीवरच समाधानी आहे.

सातबारा

@कुजबुज, यादीवर मीही फार विसंबत नाही, पण कारण तुमचं नाही. ती कशी बनते ते बघा. लोकांना आनंदाबद्दल विचारतच नाहीत. एक शिडी डोळ्यांसमोर आणा, सगळ्यात खालची पायरी शून्य, वरची दहा. तुमच्या कल्पनेतलं उत्तमात उत्तम आयुष्य वर, वाईटात वाईट खाली. आत्ता तुम्ही कुठल्या पायरीवर? बस. देशागणिक वर्षाला साधारण हजार जणांना हे विचारतात, तीन वर्षांची सरासरी काढतात आणि क्रमांक लावतात. उत्पन्न, आयुर्मान, अडीनडीला धावून येणारं माणूस, भ्रष्टाचार वगैरे सहा गोष्टी अहवालात असतात, त्या नंतर फरकाचा अर्थ लावायला. क्रमांक त्यांवरून काढत नाहीत. पेपरवाले दरवर्षी हे उलटं छापतात.

आता यात कारस्थान कुठे बसवणार? फिनलंडवाला आठवी पायरी सांगतो आणि आपला माणूस चौथी. गंमत अशी की शिडीचं वरचं टोक ज्याचं त्याने ठरवायचं असतं. ज्याच्या हातात मोबाईल आला आणि त्यात रोज दुसऱ्याचा बंगला दिसतो त्याची शिडी लांबलेली असणार. म्हणून ११८ की १०९ यावर भांडण्यात अर्थ नाही. पण आपली तीच माणसं तोच प्रश्न ऐकून दहा वर्षांपूर्वीपेक्षा खालची पायरी सांगत असतील तर ते मात्र ऐकायला हवं.

पांढरी_माती

भूतान अजून आलं कसं नाही धाग्यावर? पारोला जाऊन आलेले आमचे शेजारी महिनाभर 'तिकडे जीडीपी नाही, आनंद मोजतात' हे सांगत होते.

आधी श्रेय. भूतानचं काम वरवरचं नाही. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७० च्या दशकात ही कल्पना मांडली. २००८ च्या संविधानात ती नवव्या अनुच्छेदात आली. प्रत्यक्ष मोजणी नऊ क्षेत्रांत, ३३ निर्देशकांवर: झोप, वेळ, शेजारधर्म, मातृभाषा, रानडुकरांनी केलेलं पिकाचं नुकसानसुद्धा. (हे शेवटचं कोकणात आणून दाखवा, निर्देशांक कोसळेल.) माणसाने या ३३ पैकी किती बाबतींत 'पुरेसं' गाठलं ते बघतात. पुरेशाच्या वर कितीही गेलात तरी जास्तीचे गुण नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. अंबानी असो की मी, झोप झाली की झाली. निर्देशांक २०१० मध्ये ०.७४३ होता, २०१५ मध्ये ०.७५६ आणि २०२२ मध्ये ०.७८१.

आता दुसरी बाजू. १९९० च्या आसपास याच देशाने आपल्या दक्षिण भागातल्या नेपाळीभाषक ल्होत्शांपा लोकांना देशाबाहेर काढलं. एक लाखाहून जास्त माणसं नेपाळातल्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिली आणि पुढे बहुतेकांना अमेरिकेने सामावून घेतलं. त्यांना कुठल्याच पाहणीत झोप लागते का म्हणून कुणी विचारलं नाही, कारण पाहणी देशात उरलेल्यांची असते. अलीकडे तर शिकलेली पोरं ऑस्ट्रेलियाची वाट धरताहेत, शिक्षक आणि नर्सासुद्धा. निर्देशांक चढतो आहे आणि विमानं भरून जाताहेत. २०१३ मध्ये पंतप्रधान झालेले त्शेरिंग तोबगे यांनी तेव्हाच म्हटलं होतं की आनंदाच्या गप्पांत सरकार मूलभूत सेवा द्यायचं विसरत असेल तर ते लक्ष भरकटवणं आहे.

वेलिंग्टनकर

इथल्या अनुभवाची भर. न्यूझीलंडने २०१९ मध्ये 'कल्याणाचा अर्थसंकल्प' म्हणून जगभर टाळ्या घेतल्या. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न, अर्थमंत्री ग्रँट रॉबर्टसन. मानसिक आरोग्याला १९० कोटी न्यूझीलंड डॉलर. खात्यांनी पैसे मागताना 'याने लोकांच्या जगण्यात काय फरक पडेल' हे मांडायचं, अशी रचना. ऐकायला छान. पुढे माणसंच मिळेनात. पैसे मंजूर, पण समुपदेशक आणि मानसोपचारातल्या नर्सा काही अर्थसंकल्पातून उगवत नाहीत. २०२३ ची निवडणूक झाली ती किराणा आणि घरभाड्यावर, आणि सरकार गेलं. याच देशातल्या मेरिलिन वेअरिंग खासदार असताना बायकांचं बिनपगारी काम राष्ट्रीय हिशेबात का नाही म्हणून भांडायला लागल्या, त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. तेव्हा मोजणीत आम्ही पुढे आहोत हे कबूल, पण भाजी इथेही महागच आहे.

झाडीपट्टी

भूतान झालं, न्यूझीलंड झालं, आता जरा गडचिरोलीले या.

महाराष्ट्राने स्वतःची मोजणी कधीच केली होती आणि तिला नावही दिलं होतं: अनुशेष. १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांची समिती बसली, ८४ मध्ये अहवाल आला. रस्ते, सिंचन, पंपांची वीज, शाळा, दवाखाने, पाणी. प्रत्येकात राज्याची सरासरी काढायची आणि जिल्हा जितका खाली तितका त्याचा अनुशेष. बेरीज ३,१८६ कोटी रुपये. जीडीपीच्या पलीकडे जाणारी याहून साधी मोजणी मले तरी माहीत नाही, आणि ती मागायला इथल्या लोकांनी मोर्चे काढले होते. १९९४ मध्ये विकास मंडळं झाली, २०२० च्या एप्रिलात मुदत संपली. अनुशेष हा शब्द आता भाषणापुरता.

पण त्या मोजणीतही भोक होतं. रस्त्याचे किलोमीटर मोजले, दवाखान्याच्या इमारती मोजल्या. इमारतीत डॉक्टर आहे का, लेकरू जगलं का, हे नाही. ते दुसऱ्यांनी मोजलं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत घरोघरी बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये छापलं: शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी काहीतरी होतंच. तोवर 'असा त्रास इकडे नाही' असंच कागद सांगत होते, कारण बाई दवाखान्यात येतच नव्हती. पुढे २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' अहवाल आला. संस्थांनी स्वतः गावात नोंदी ठेवल्या तेव्हा बालमृत्यू सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. लेकरं मरत होती, नोंद होत नव्हती.

मोजपट्टी

झाडीपट्टींनी माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. बालमृत्यूची नोंद का होत नव्हती? कारण नोंद केली की वरून विचारणा होणार. आकड्याला बक्षीस किंवा शिक्षा जोडली की आकडा फिरायला लागतो, हे मी नोकरीभर पाहिलं. म्हणून 'मोजा आणि त्यावर निधी द्या' असं कुणी उत्साहाने म्हणालं की मला धास्ती वाटते.

नीती आयोगाचा बहुआयामी गरिबीचा निर्देशांक घ्या. काम चांगलं आहे: पोषण, बालमृत्यू, शाळा, स्वयंपाकाचं इंधन, संडास, पाणी, वीज, घर असे १२ निर्देशक. २०१५-१६ मध्ये देशातले २४.८५ टक्के लोक त्यात गरीब होते, २०१९-२१ मध्ये १४.९६. सुधारणा खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण निर्देशकांत बँक खातं आहे. खातं एका शिबिरात उघडतं, त्यात पैसे असावेत अशी अट नाही. वीज म्हणजे जोडणी. किती तास असते हा प्रश्न नाही. पोषण मात्र शिबिरात वाढत नाही. जे पटकन हलवता येतं ते आधी हलतं आणि सरासरी सुधारते.

सातबारा

@मोजपट्टी, इथे मी तुमच्याशी वाद घालणार. तुम्ही म्हणता आकड्याला परिणाम जोडला की तो फिरतो. मी म्हणतो, जोडला नाही तर तो कपाटात जातो. ऊसतोड महिलांच्या पाहणीचा आकडा खोटा नव्हता. ८२ हजार बायकांना विचारून आलेला होता. पुढच्या हंगामात गाड्या तशाच निघाल्या.

फिरवाफिरव होते ती मोजणारा एक, भोगणारा दुसरा आणि आकड्यावर ठरवणारा तिसरा असतो तेव्हा. हिवरे बाजारचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते झाडं आणि बंधारे नव्हे. पोपटराव पवारांच्या गावात पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, किती मुरला असेल, प्यायला किती, जनावरांना किती, आणि मग उरलं त्यात रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरतं. पाऊस कमी तर जास्त पाण्याची पिकं नाहीत. शेतीला बोअर नाही, ऊस नाही. तिथे पाऊस फुगवून लिहिला तर उन्हाळ्यात लिहिणाऱ्याचीच विहीर कोरडी पडणार. खोटं लिहिण्यात कुणाचा फायदाच उरत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की देशाला जीडीपीच्या जागी बसवायला नवा एक आकडा शोधणं हा वेळेचा अपव्यय आहे. असे आकडे लागतात की ज्यांच्या शेजारी 'मग काय ठरवायचं' आणि 'कुणी' हे आधीच लिहिलेलं असेल.

निशिगंधा_म

एकच आकडा नको हे पटतं, पण पूर्ण नाही. मानव विकास निर्देशांक (आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मिळून एक आकडा) १९९० मध्ये आला तो पाकिस्तानचे अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांनी लावून धरला म्हणून. अमर्त्य सेन आधी तयार नव्हते. माणसाचं जगणं एका आकड्यात कसं कोंबणार, हा त्यांचा आक्षेप. हक यांचं उत्तर असं होतं की जीडीपीला हटवायचं तर त्याच्याइतकंच ओबडधोबड काहीतरी लागेल, फक्त ते माणसाच्या जगण्याकडे बघणारं असावं. सेननी ही गोष्ट नंतर स्वतःच सांगितली आणि हक बरोबर होते असं मान्य केलं. तीस कोष्टकांचा अहवाल कुणी पहिल्या पानावर छापत नाही. २०२५ च्या अहवालात आपण १९३ देशांत १३० वे आहोत ही एक ओळ निदान छापली तरी जाते.

टवाळ_पोरगं

दारूचं कुणी बोलेल का? वर मळीचा उल्लेख झाल्यापासून वाट बघतोय.

झाडीपट्टी

मी बोलतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली, २०२१ मध्ये उठली. उठवताना अवैध दारू वाढली हे कारण दिलं, बुडालेल्या महसुलाची चर्चाही होतीच. दुकानातली बाटली राज्याच्या उत्पन्नात दिसते, चोरून विकलेली सहसा दिसत नाही. म्हणजे बंदी असली की कागदावर जिल्हा गरीब, उठली की श्रीमंत. ज्या बायकांनी बंदीसाठी चिमूरहून नागपुरापर्यंत पायी मोर्चा नेला त्यांना यातलं काहीच विचारलं नव्हतं. माझं मत बंदीच्या बाजूने आहे, पण ते आकड्यावरून नाही, आमच्या वॉर्डातून आहे.

कुजबुज

बंदी म्हणजे फक्त पोलिसांचं उत्पन्न. ते कुठल्या निर्देशांकात धरणार?

संपादक मंडळ

दारूबंदीवरचे पुढचे सहा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. विषयाला धरून राहावे.

मांडवीकाठ

गोव्याचं कोणी नाही म्हणून लिहितो. दरडोई उत्पन्नात गोवा देशात वरच्या दोनतीन राज्यांत असतो, सगळे वाहवा करतात. त्या उत्पन्नात कितीतरी वर्षं खनिज लोखंड होतं. डोंगर पोखरून माती चीनला पाठवली, तिची सगळी किंमत उत्पन्न म्हणून लिहिली. अहो, ते उत्पन्न कुठलं? आजोबांचं शेत विकून आलेले पैसे पगार म्हणून लिहिले तर घरचे हसतील ना? सांगे, केपे, डिचोलीच्या शेतांत लाल गाळ बसला, विहिरींचं पाणी खाली गेलं, ते तर वेगळंच.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की विक्रीच्या दहा टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवायची, पुढच्या पिढ्यांसाठी. मला वाटतं, देशात 'हे उत्पन्न नव्हे, ही मालमत्ता होती' असं एखाद्या अधिकारी संस्थेने इतक्या स्पष्टपणे पैशांत लिहिलं ते तेव्हाच. दहाच टक्के का, हा वाद आहेच. आमच्याकडचे कार्यकर्ते म्हणतात की खाणवाल्यांचा खर्च आणि रास्त नफा सोडून बाकी सगळंच तिथे जायला हवं.

मोजपट्टी

@मांडवीकाठ, तुमच्या शेताच्या उदाहरणाला हिशेबाच्या जगात आता मान्यता मिळाली आहे. राष्ट्रीय लेख्यांची जी जागतिक नियमावली सगळे देश वापरतात, तिची नवी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मंजूर केली. तिच्यात खनिजाची झीज हा उत्पादनाचा खर्च धरला आहे. त्यामुळे एकूण आकडा, म्हणजे जीडीपी, तसाच राहील. पण त्यातून झीज वजा करून येणारा निव्वळ आकडा खाली येईल. प्रत्येक देशाने ती लागू करायला काही वर्षं जातील. पेपर मात्र एकूणच छापणार, निव्वळ नाही. तुम्ही लोकांनी निव्वळ मागायला सुरुवात करा, देणारे देतील.

@सातबारा, तुमच्याशी वाद अजून मिटलेला नाही. गावाचा ताळेबंद गावात तपासता येतो, कारण विहीर सगळ्यांना दिसते. बारा कोटींच्या राज्याचं तसं होत नाही, तिथे दूरचा माणूसच मोजणार. त्याला घाबरवू नका आणि त्याच्याकडून काम काढूनही घेऊ नका. सध्या कंत्राटी पोरं पोरी दिवसाला ठरावीक फॉर्म भरून द्यायच्या बोलीवर फिरतात. वर निशिगंधा यांच्या आत्याकडे आलेल्या मुलीला पेन खाली ठेवायला मिळालं, तसं किती जणींना मिळतं?

सातबारा

हे मान्य. आणि ऊसतोडीच्या बाबतीत अडचण अजून मोठी आहे. पाहणी गावात होते तेव्हा माणसं फडावर असतात, फडावर गेलं तर ती तिथली रहिवासी नसतात. हंगाम संपल्यावर, मे महिन्यात गावात विचारलं पाहिजे. आमच्या तालुक्यातल्या आशाताईंना हे कुणी सांगावं लागत नाही, त्यांच्याकडे कोण कधी परतलं याची यादी असते.

मांडवीकाठ, त्या निधीत आजवर काय जमा झालं आणि व्याज कुठे खर्च होतंय, यावर स्वतंत्र धागा काढाल का? इथे लिहिलंत तर दारूखाली बुडेल.

मांडवीकाठ

काढतो. चतुर्थी होऊन जाऊ द्या.